आधी ठोका, मग शब्द : नाचाच्या गाण्याच्या उगमाची टिपणे

■ जुन्या नाशकात मिरवणूक अजून वळणापलीकडे असते, तेव्हा ताशा ऐकू येत नाही, लेझीम ऐकू येत नाही, गाण्याचे शब्द तर नाहीच. पोहोचतो तो ढोलाचा खर्ज. भद्रकालीकडून मेनरोडला शिरणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत, वाडे एकमेकांना खेटून उभे आहेत. बारीक, टोकदार आवाज त्या भिंतींवर आपटून विरतात. खालचा आवाज मात्र कोपरा वळून येतो, भिंतीतूनही येतो. पन्नास हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, म्हणजे त्यातल्या कित्येक गल्ल्यांच्या रुंदीपेक्षा जास्त. एवढ्या लांब लहरीला कोपरा अडवू शकत नाही. म्हणून गाणं कोणतं आहे हे कळायच्या आधी गाणं आहे हे कळतं, आणि ते कानाइतकंच छातीला कळतं. नाचाच्या गाण्याचा उगम शोधायचा तर तो शब्दांत शोधू नये, या खर्जात शोधावा, असं मला वाटतं. पुढची टिपणं त्याच शोधातली.

■ नाशिक ढोल. पिंप मोठं, तोंड रुंद, पानाला दोरीचा ताण. पान जितकं मोठं आणि ताण जितका बेताचा, तितका आवाज खाली. पूर्वी पान चामड्याचं असायचं. भाद्रपदातल्या पावसात चामडं ओल धरतं, सैल पडतं आणि बसका आवाज देतं. ताशा तर विस्तवावर शेकून पुन्हा ताणावा लागायचा. गणपती नेमके पावसात येतात, त्यामुळे पुढे प्लास्टिकची आणि फायबरची पानं आली आणि वादकांनी ती लगेच स्वीकारली. चामड्याच्या आवाजाचा गोडवा गेला अशी हळहळ जाणकार व्यक्त करतात, आणि ती खरी आहे. पण तासन्तास पावसात उभं राहून वाजवणाऱ्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठोका हवा असतो. वाद्य कुठल्या हवेत वाजतं आणि कुणासाठी वाजतं, यावरच त्याची घडण ठरत आली आहे.

■ ताशा पुढे, ढोल मागे. ताशेवाला तर्री वाजवतो, चाल बदलतो, इशारा देतो. ढोलवाले त्याच्याकडे बघत ठोका उचलतात. वरचा बारीक, भरभर आवाज आणि खालचा जड, मोजका आवाज : या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत माणूस नाचतो. जगातल्या कुठल्याही हिपहॉप पार्टी-गाण्याचा सांगाडा काढून बघावा, हेच दोन थर हाती लागतात. वर हाय-हॅटची किणकिण, खाली किक आणि बेस. मधली जागा बोलणाऱ्यासाठी राखलेली. रॅपर त्या जागेत बोलतो, आपल्याकडे त्याच जागेत घोषणा आणि शिट्टी येते.

■ नाशिकची मानाची मिरवणूक वाकडी बारवपासून निघते, मेनरोड, रविवार कारंजा करत पंचवटीकडे उतरते. गुलालवाडी व्यायामशाळेचं लेझीम पथक हा तिचा जुना, लाडका भाग. तालमीतून आलेलं वादन आहे ते. पुण्यात ढोल-ताशा पथकांना शिस्तीचं रूप देण्याचं मोठं काम ज्ञान प्रबोधिनीचे अप्पासाहेब पेंडसे यांनी साठच्या दशकात सुरू केलं. दोन्ही शहरांत एक गोष्ट सारखी आहे. रस्त्यावरच्या तालामागे कुणीतरी कित्येक संध्याकाळी घाम गाळून केलेला सराव असतो. बघणाऱ्याला जल्लोष दिसतो, त्या जल्लोषाखालचं गणित वादकाच्या मनगटात असतं.

■ केरळात निवडणुकीचा विजय असो, फुटबॉलचा सामना असो, लग्नाची वरात असो, ‘नासिक ढोल’ लागतो. उडुपी-मंगळूरच्या बाजूला गोकुळाष्टमीच्या दहीहंडीत ‘नासिक बँड’ वाजतो. वाजवणारी पोरं तिथलीच, मल्याळम किंवा तुळू बोलणारी. त्यांतले बहुतेक जण नाशकात आलेलेही नसतील. तरी हे नाव त्यांच्या जिभेवर आहे. द्राक्षं आणि कांदा या जिल्ह्यातून बाहेर जातो, त्याची आवक, भाव, निर्यात सगळं रोज छापून येतं. एक अख्खा ताल आपल्या गावाच्या नावानं समुद्रकाठानं दक्षिणेला गेला, याची आपण तेवढी दखल घेतली नाही. घ्यायला हवी.

■ हिपहॉपचा वाढदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सार्वजनिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायचे होते. तिथं वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणायचे. जमैकातल्या किंग्स्टनमधून तो लहानपणी आलेला. किंग्स्टनमध्ये पन्नासच्या दशकापासून मोठमोठे स्पीकर रस्त्यावर आणून नाच व्हायचे, प्रत्येक साउंड सिस्टिमचं नाव असायचं, तिची मंडळी असायची, एकमेकींशी चुरस असायची. नाशिकच्या कुठल्याही डीजेवाल्याला हे चित्र ओळखीचं वाटेल.

हर्कनं काय केलं? त्यानं नाचणाऱ्यांकडे लक्ष दिलं. गाण्यात एक जागा येते, जिथं गायन थांबतं आणि फक्त ताल उरतो. लोक त्या जागेची वाट बघत असतात, हे त्याला दिसलं. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो ती जागा पुनःपुन्हा वाजवत राहिला, एक संपली की दुसरी. त्यानं नवी चाल बांधली नव्हती. पाय कुठं उचलतात एवढंच त्यानं हेरलं, आणि त्यातून एक संगीतप्रकार उभा राहिला.

■ खर्जाचं यंत्र. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८० मध्ये टीआर-८०८ हे ताल-यंत्र काढलं. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. खऱ्या ड्रमसारखा आवाज त्यातून येत नव्हता, म्हणून त्या काळी त्याला फारशी मागणी आली नाही. साधारण बारा हजार यंत्रं बनली आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. यंत्रं सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागली, तेव्हा खिशात पैसे नसलेल्या पोरांनी ती उचलली.

त्यातला बेस ड्रम एका लहानशा विद्युत्-परिपथातून येतो. कळ दाबली की पन्नास हर्ट्झच्या आसपासचं कंपन उठतं आणि हळूहळू विरतं. विरण्याचा वेळ लांबवायला एक बटण आहे. बटण फिरवलं की ठोक्याचा घुमारा होतो. आफ्रिका बंबाटानं १९८२ मध्ये ‘प्लॅनेट रॉक’ केलं, त्यात जर्मनीच्या क्राफ्टवेर्कची धून आणि ८०८ चा ठोका एकत्र आले. तिथून मायामीच्या पोरांनी तो खर्ज आणखी लांबवला, गाड्यांच्या डिकीत स्पीकर बसवले आणि ‘मायामी बेस’ हा प्रकार जन्मला. आज मराठी पोरगा लॅपटॉपवर गाणं बांधायला बसतो, तेव्हा ठोक्यांच्या यादीत ‘८०८’ असं लिहिलेलं असतं. यंत्र हातात घेतलेलं नसतं, ठोका मात्र ओळखीचा असतो.

■ एका गाण्याची कुळकथा. ‘वूम्प! देअर इट इज’, टॅग टीम, १९९३. सेसिल ग्लेन आणि स्टीव्ह गिब्सन हे दोन मित्र डेन्व्हरहून अटलांटाला आले. ग्लेन तिथल्या मॅजिक सिटी या नाइटक्लबात डीजे होता. रोज रात्री माणसं कशावर उठतात आणि कशावर बसतात हे तो बघत होता, आणि क्लबात आरोळीसारखी उठणारी एक बोली त्यानं उचलली. कानो या इटालियन डिस्को गटाच्या १९८० सालच्या ‘आय’म रेडी’ची धून आधाराला घेतली. खाली बेस ठेवला. १९९२ च्या उन्हाळ्यात गाणं क्लबात वाजवलं, आणि गर्दीनं ते पहिल्याच वेळी आपलंसं केलं.

कंपन्यांना मात्र ते नको होतं. हा दक्षिणेकडचा बेस देशभर चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी स्टॅक्स रेकॉर्ड्सचे एकेकाळचे प्रमुख ॲल बेल यांनी आपल्या बेलमार्क कंपनीतून ते काढलं. बिलबोर्डच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि पहिल्या दहात महिनोन्‌महिने राहिलं. खेळाच्या मैदानांवर, लग्नांत, जाहिरातींत ते आजही वाजतं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की गाणं आधी गर्दीत सिद्ध झालं आणि मग बाजारात आलं. ज्यानं ते बांधलं तो पाहुणा संगीतकार नव्हता. रोज त्याच जमिनीवर उभा असणारा कामकरी होता.

■ चांगलं पार्टी-गाणं ऐकणाऱ्याला काम देतं. आरोळी द्यायचं, हात वर करायचं, ओळ पुरी करायचं. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून, शेतातल्या श्रमगीतांतून ही हाक आणि प्रतिसादाची रीत आली. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी उभा असतो आणि ‘जी जी’ करत ओळ उचलतो. गोंधळात नावं घेतली जातात आणि भोवतालची मंडळी प्रतिसाद देतात. आणि या सगळ्यांच्या वर, मिरवणुकीत कुणीही अनोळखी माणूस ‘गणपती बाप्पा’ म्हणाला की हजार गळे ‘मोरया’ म्हणतात. ते कुणी शिकवलेलं नसतं. हाक दिली की उत्तर येणारच, हा विश्वास ज्या समाजात आहे तिथं हिपहॉप परकं राहूच शकत नव्हतं.

■ नाशिक विभागातला जळगाव जिल्हा. तिथला संजू राठोड लिहितो, चाल लावतो, गातो. त्याचा भाऊ जी-स्पार्क संगीत बांधतो. ‘नऊवारी पाहिजे’ गाजलं, मग २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ आलं आणि महाराष्ट्राबाहेर, देशाबाहेर गेलं, कोट्यवधी वेळा वाजलं. २०२५ मध्ये ‘शेकी’. मराठी न कळणाऱ्यांनी त्यांवर नाच केले.

‘गुलाबी साडी’ची बांधणी नीट ऐकावी. साडी नेसून नटलेली मुलगी आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते, एवढाच प्रसंग. पण ऐकणाऱ्याला काम मिळालं : साडी नेसा, फोन उचला. शाळकरी मुलींपासून आज्यांपर्यंत सगळ्यांनी ते काम आनंदानं केलं. खाली ठोका साधा, चालण्याच्या लयीचा, घरातल्या घरात करता येईल असा. वर बोलण्याच्या जवळ जाणारी चाल. पार्टी-गाणं म्हटलं की दारू, गाडी, पैसा असंच हवं, हा समज त्यानं मोडला. नवऱ्यानं बायकोचा फोटो काढावा हा विषय घरात सगळ्यांसमोर वाजवता येतो, आणि हिटचं निम्मं बळ तिथं आहे.

■ २०२४ मध्येच ‘तांबडी चामडी’. क्रेटेक्स या नावानं काम करणारा कृणाल घोरपडे आणि रॅपर श्रेयस सागवेकर. गाणं हाऊस संगीताच्या ठोक्यावर बांधलेलं, शब्द ठसठशीत मराठी, आणि काढलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. उन्हात चमकणाऱ्या तांबड्या कातडीचं कौतुक करणारं हे गाणं क्लबात वाजलं. गोऱ्या रंगाची गाणी ऐकत मोठ्या झालेल्या समाजाला हा ठोका फार गरजेचा होता. त्याआधी २०१९ मध्ये स्वदेसी या मुंबईच्या गटानं ‘द वारली रिव्होल्ट’ केलं होतं, आरे जंगल आणि आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर, त्यात एमसी मवाली मराठीतून बोलतो. एक नाचाचं, एक लढ्याचं. खर्ज दोन्हीला लागतो, कारण दोन्हीला माणसं एकत्र उभी करायची असतात.

■ नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाण, मालेगाव, देवळा, कळवण. इथं अहिराणी बोलतात आणि लग्नात अहिराणी गाणी वाजतात. गेल्या काही वर्षांत ‘हाई झुमका वाली पोर’सारखी गाणी खानदेशातून सुरत, पुणे, नवी मुंबईपर्यंत पोहोचली, जिथं जिथं इथली माणसं कामाला गेली तिथं. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर. इथं संबळ आणि पिपाणी. संबळाचे दोन भाग, एक चढा, एक खालच्या आवाजाचा, काठीनं वाजवायचे. बोहाड्यात देवदानवांचे मुखवटे घातलेली सोंगं येतात, प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, आणि सोंग मैदानात उतरतं ते संबळाच्या इशाऱ्यावर. आधी ठोका बदलतो, मग पाऊल. जिल्ह्याच्या नकाशावर तालाच्या अशा रेषा ओढल्या तर प्रत्येक तालुक्याचा वेगळा ठोका दिसेल. नवं गाणं बांधणाऱ्याला एवढी मोठी पेठ दुसरीकडे शोधावी लागणार नाही.

■ यूट्यूबवर ‘नाशिक ढोल मिक्स’, ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘साउंड चेक’. हे गावोगावच्या डीजेंचं काम. जुनं सिनेगीत किंवा भक्तिगीत घ्यायचं, त्याखाली ढोलाचा ठोका टाकायचा, बेस वाढवायचा. ‘साउंड चेक’ ट्रॅक तर निव्वळ स्पीकरची ताकद दाखवायला बनतात, कुणाचा खर्ज खोल जातो त्याच्या चढाओढीसाठी. प्रत्येक मिक्समध्ये मध्येच डीजेचं नाव घुमतं. अभंगाच्या शेवटी संतकवीची नाममुद्रा येते, पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो. कारागिरानं कामावर नाव घालणं ही आपली जुनी रीत आहे आणि या पोरांनी ती पुढे चालवली, याचा मला आनंद वाटतो.

ज्याचा ढोल त्या मिक्समध्ये वाजतो त्याचं नाव मात्र कुठंच येत नाही. कुणीतरी कधीतरी पथकाचं वादन टिपलं, त्याचा तुकडा केला, तो तुकडा हजार लॅपटॉपांवर गेला. मनगट कुणाचं होतं?

■ हा प्रश्न अमेरिकेतही आला. १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’ शीकच्या ‘गुड टाइम्स’च्या बेसवर उभं होतं. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क सांगितला आणि गीतकार-संगीतकारांत त्यांची नावं घालावी लागली. ‘वूम्प’चं पुढं काय झालं? बेलमार्क १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गाण्याच्या हक्कांवरून कितीतरी वर्षं कोर्टात वाद चालला. गाणं जगभर वाजत होतं आणि ते कुणाचं हे कागदावर ठरत नव्हतं. हिट गाण्याचा उगम नोंदवून ठेवणं ही नुसती इतिहासाची आवड नाही. त्यावर कुणाच्या तरी घराचं भाडं अवलंबून असतं.

■ आता एखादं पार्टी-गाणं फोनवर ऐकावं. फोनचा स्पीकर नखाएवढा, पन्नास हर्ट्झ त्याला झेपतच नाही. तरी बेस ऐकल्यासारखा वाटतो. कारण बहुतेक सुरांबरोबर त्यांचे वरचे उपसूर येतात, आणि फक्त उपसूर ऐकू आले तरी मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. हे ओळखून संगीत बांधणारे ८०८ चा ठोका मुद्दाम थोडा फाटका, खरखरीत करतात, म्हणजे उपसूर वाढतात आणि फोनवरही खर्ज भासतो. लग्नाच्या वरातीत तो खरा येतो. एकच गाणं दोन शरीरांसाठी बांधायचं, एक हेडफोन लावून बसमध्ये बसलेलं, एक रस्त्यावर घामानं भिजलेलं. या कारागिरीला सोपं म्हणणाऱ्यानं एकदा बांधून बघावं.

■ ज्याला खर्ज प्रिय आहे त्यानं हेही लिहायला हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी, सरकारनं सूट दिलेले ठरावीक दिवस वगळता. पण ही मोजणी ज्या ‘ए’ मापावर होते ते कानाच्या सर्वसाधारण संवेदनेवर बेतलेलं आहे, आणि खालच्या आवाजाला ते फार कमी वजन देतं. पन्नास हर्ट्झला जवळपास तीस डेसिबल वजा होतात. म्हणजे खर्जाचा खरा जोर नव्वद असेल तर मापकावर तो साठच्या घरात दिसतो. शेजारच्या घरातल्या आजारी माणसाच्या खिडकीची काच थरथरते ती मात्र खऱ्या जोरानं. नियम करणाऱ्यांनी खर्ज वेगळा मोजावा. त्यानं नाच बंद पडणार नाही, भांडणाला खरा आधार मिळेल.

वादकांसाठीही एक. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ढोलामागे तासन्तास उभं राहणाऱ्या मुलामुलींनी कानात बोळे घालावेत आणि पथकप्रमुखांनी ते सक्तीचं करावं. ताल पुढच्या पिढीला द्यायचा तर आधी ऐकू यायला हवं.

■ शेवटी, करायच्या कामाची यादी. नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजनं, सार्वजनिक वाचनालयानं किंवा चार पोरांच्या स्टुडिओनं हे हाती घ्यावं. जुन्या ढोलवाल्यांना, ताशेवाल्यांना, पेठ-सुरगाण्याच्या संबळवादकांना बोलवावं. चांगले माइक लावून प्रत्येक चाल वेगळी टिपावी. चालीचं नाव काय, कुणाकडून शिकली, कधी वाजवतात हे त्यांच्याच तोंडून नोंदवावं. वादकाला मानधन द्यावं, कागदावर करार करावा. मग ते ठोके नवी गाणी बांधणाऱ्यांना खुले करावेत, एका अटीवर : गाण्याच्या श्रेयनामावलीत वादकाचं नाव आणि गाव यायला हवं.

पुढचं मोठं मराठी पार्टी-गाणं कुठल्यातरी लॅपटॉपवर आत्ता बांधलं जात असेल. त्याखाली जपानी यंत्राचा ठोका असेल तर हरकत नाही, तोही कुणाच्या तरी कष्टाचा आहे. पण शेजारी नाशिकच्या ढोलाचा ठोका असावा, आणि तो कुणी वाजवला हे जगाला वाचता यावं. कोचीतला पोरगा ज्या गावाचं नाव घेऊन ढोल खांद्याला लावतो, त्या गावानं आपल्या वादकांसाठी एवढं करायलाच हवं.